टोपीची अनामत

वाशिम जिल्ह्यात पदवीची काळी चौकोनी टोपी माणसाच्या डोक्यावर पहिल्यांदा चढते ती केजी-टू पास झाल्यावर.

आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही बालवाडीला कॉन्व्हेंट म्हणतात. तिचा नन्सशी, चर्चशी किंवा अगदी इंग्रजीशीही संबंध असावा अशी अट नसते. हनुमान मंदिरामागच्या दोन गाळ्यांत भरतं तेही कॉन्व्हेंटच. तर या कॉन्व्हेंटांत मार्च महिन्यात ‘ग्रॅज्युएशन डे’ होतो. मंगल कार्यालय घेतलेलं असतं. कालपरवा ज्या स्टेजवर अंतरपाट धरून कुणाचं तरी लग्न लागलं, त्याच स्टेजवर तीस-चाळीस पदवीधर काळे झगे घालून उभे असतात. झगा घोट्याखाली चार बोटं लोळतो. टोपी पुठ्ठ्याची, वरून काळं साटीन, आणि ती पडू नये म्हणून हनुवटीखालून इलॅस्टिक. बाहेर पारा चाळिशीकडे निघालेला. एखादा पदवीधर इलॅस्टिक चावत असतो, एखादीला शू लागलेली असते, आणि सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम माइकवरून सांगत असतात की हीच बालके उद्याच्या भारताचे शिल्पकार आहेत.

मग मुख्य विधी. टोपीवरून लोंबणारा गोंडा उजवीकडून डावीकडे न्यायचा. हा रिवाज अमेरिकेतला. पदवी मिळेपर्यंत गोंडा उजव्या अंगाला, मिळाली की डाव्या. मॅडमनी तो यूट्यूबवर नीट पाहून ठेवलेला असतो. फक्त करून दाखवताना त्या पोरांकडे तोंड करून उभ्या राहतात. त्यांचं उजवं ते पोरांचं डावं. मग निम्मी पोरं मॅडमच्या हाताकडे बघून गोंडा फिरवतात आणि निम्मी शेजाऱ्याकडे बघून. नियमानं पाहिलं तर त्या क्षणी निम्मी बॅच पदवीधर होते आणि उरलेली निम्मी हातातली पदवी परत करून मोकळी होते. टाळ्या मात्र सगळ्यांना सारख्याच पडतात.

अशाच एका समारंभाला नातवासाठी एका आबांना खेड्यावरून आणलं होतं. काळा झगा पाहून ते शेजारच्याला म्हणाले, “वकील झालं काय बे पोट्टं?”

सुनेनं हळूच सांगितलं, “आबा, ग्रॅज्युएशन हाय त्याचं.”

“मंग पह्यलीत कवा जाते?”

“जूनमधी.”

आबांनी थोडा वेळ हिशोब केला. “म्हंजे डिग्री आंधी, शाळा मांगून.” आणि सोयाबीनचा भाव मान्य करतात तितक्याच शांतपणे त्यांनी हेही मान्य केलं.

यानंतर त्या पोराला ती टोपी पंधरा-सोळा वर्षं दिसत नाही. तो दहावी होतो, बारावी होतो, बी.ए. किंवा बी.एस्सी. होतो. पण खरीखुरी पदवी मिळते तेव्हा डोकं उघडंच. निकाल मोबाइलवर कळतो. गुणपत्रिका कॉलेजच्या खिडकीतून मिळते, आणि खिडकीपलीकडचे बाबू ती देताना टोपी घालत नाहीत, अभिनंदनही करत नाहीत, “इथं सही कर, पेन आणला का?” असं विचारतात. पदवीचं प्रमाणपत्र वेगळा अर्ज भरून, वेगळी फी भरून मागाहून येतं. दीक्षान्त समारंभ अमरावतीला. मंगरुळपीर, कारंजा करत एसटीनं दीडशेक किलोमीटर. तिथं मंचावर जाण्याचा मान सुवर्णपदकवाल्यांचा आणि पीएच.डी.वाल्यांचा. सेकंड क्लासात बी.ए. झालेल्या रिसोडच्या पोरानं तिथं जाऊन फक्त टाळ्या वाजवायच्या, तर त्या तो घरी मोबाइलसमोरही वाजवू शकतो.

अर्थात तक्रार करू नये. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला झालं. त्याआधी आमच्या भागातल्या पदव्या नागपूरहून यायच्या. खुद्द वाशिम १ जुलै १९९८ ला जिल्हा झालं, तोवर कलेक्टरसुद्धा अकोल्यालाच होते. सरकारी मेडिकल कॉलेज उघडलं २०२४ मध्ये. आमच्याकडे मोठी गोष्ट आधी दुसऱ्या गावी असते आणि मग पिढीपिढीनं थोडी थोडी सरकत येते. नीती आयोगानं २०१८ साली देशातले आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात वाशिमचं नाव घातलं. म्हणजे आकांक्षा आम्हाला आहेत हे सरकारदरबारी नोंदलेलं आहे. टोपीही सरकते आहे. आताशा काही महाविद्यालयं आपल्याच आवारात पदवी वितरण समारंभ करतात. पण तिथं संख्या पदवीधरांची जास्त आणि झग्यांची कमी. मग पहिल्या रांगेतल्यानं फोटो काढून झाला की झगा मागच्या रांगेकडे पाठवायचा, अशी सोय असते.

या सगळ्यातून वाशिमच्या पदवीधराला सोडवलं कुणी, तर फोटो स्टुडिओवाल्यानं.

बसस्टँडकडच्या स्टुडिओत खुंटीला एक झगा, एक टोपी आणि लाल फितीनं बांधलेली एक गुंडाळी कायम असते. एकच झगा असल्यामुळे तो कला, वाणिज्य, विज्ञान, शिक्षणशास्त्र, सगळ्या शाखांना चालतो. मागून ढगळ वाटला तर पाठीवर कपडे वाळत घालायचे चिमटे लावतात. फोटो पुढून असतो, पाठ कोण पाहतं! गुंडाळी म्हणजे पदवी. ती सोडून पाहू नये. मी पाहिली आहे. आत एका कृषी सेवा केंद्राचं गेल्या सालचं कॅलेंडर आहे, फवारणीच्या वेळापत्रकासकट. मागच्या पडद्यावर पूर्वी पुस्तकांचं कपाट रंगवलेलं असायचं. आता नुसता हिरवा पडदा असतो आणि मागून कॉम्प्युटरवर विलायती विद्यापीठाची घुमटाची इमारत बसवतात. आमच्या आळीतला एक जण, बी.ए. भाग तीन, त्या इमारतीसमोर इतका रुबाबात उभा आहे की मुलीकडच्या मंडळींनी “लंडनले किती वर्षं होते?” असं विचारलं. घरच्यांनी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. लग्न जमलं.

कारण हा फोटो हाच खरा दाखला. प्रमाणपत्र फाइलीत, फाइल लोखंडी कपाटात, किल्ली मायच्या कमरेला. भिंतीवर असतो तो टोपीतला फोटो. तोच बायोडाट्याला, तोच वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. लग्नपत्रिकेत नावापुढे कंसात बी.ए., बी.एड. छापतात, त्याचा पुरावा म्हणून पाहुण्यांनी मान वर करून पाहायचा तोही हाच.

फोटोचे पैसे वेगळे, आणि टोपीची अनामत वेगळी. ही अनामत समजून घेतल्याशिवाय आमच्याकडच्या टोपीचा अर्थ कळत नाही.

स्टुडिओवाला पूर्वी अनामत घेत नसे. पण सिनेमात, इंटरनेटवर पदवीधर मंडळी टोप्या उंच फेकताना दिसतात, ते पाहून एका हौशी बी.कॉम.नं हातातली टोपी वर भिरकावली. वर पंखा होता. टोपीचे दोन कोपरे गेले, आणि गोंडा पात्यात अडकून दोन दिवस गरगर फिरत राहिला, तो काढायला वायरमन बोलवावा लागला. तेव्हापासून भिंतीवर पाटी आहे: टोपी उडवू नये. अनामत परत मिळणार नाही.

आता ही टोपी उडवायची रीत कुठून आली हे पाहिलं तर स्टुडिओवाल्याचंच बरोबर ठरतं. गोष्ट अमेरिकेतली, अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीतली, १९१२ सालची. त्याआधी तिथून बाहेर पडलेल्या कॅडेटांना दोन वर्षं समुद्रावर उमेदवारी करावी लागायची, मगच अधिकारीपद. त्या दोन वर्षांत जुनी टोपीच डोक्यावर, म्हणून ती जपून ठेवणं भाग होतं. १९१२ च्या तुकडीला मात्र पदवीबरोबर अधिकारीपद त्याच दिवशी मिळालं. अधिकाऱ्याची नवी टोपी मिळाली, जुनीचं काम संपलं, त्यांनी ती हवेत उडवली. सगळ्या जगानं त्यातलं उडवणं तेवढं उचललं. नवी टोपी आधी मिळाली होती, हा भाग राहूनच गेला.

आमच्याकडे नवी टोपी म्हणजे खाकी. पोलिसाची, फौजदाराची, गेला बाजार वनरक्षकाची. ती मिळेपर्यंत पदवीधर अभ्यासिकेत बसतो, महिन्याची फी भरून, आपापल्या खुर्चीवर नाव चिकटवून. पहाटे क्रीडा संकुलावर पोरं सोळाशे मीटर आणि पोरी आठशे मीटर पळतात, कारण पोलीस भरतीत तेवढं पळावं लागतं. जाहिरात निघते, पुढे ढकलली जाते, पेपर होतो, प्रकरण कोर्टात जातं. अ‍ॅनापोलिसची पोरं पूर्वी दोन वर्षांत सुटायची, आमचा हिशोब कुणी मांडत नाही. एवढ्या मधल्या काळात पदवीची टोपी उडवून काय डोकं उन्हात तापवायचं? आणि ज्या दिवशी खाकी टोपी मिळते, त्या दिवशी गावात डीजे लागतो, जेसीबीवरून गुलाल उधळतात, चौकात फ्लेक्स लागतो. त्या फ्लेक्सवर मग एका बाजूला खाकीतला फोटो आणि दुसऱ्या बाजूला स्टुडिओतला, चौकोनी टोपीचा. उडवत तेव्हाही कुणी नाही.

विलायतेतही आता या उडवण्याला उतरती कळा लागलेली दिसते. २०१६ साली इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात विद्यार्थ्यांना सांगण्यात आलं की टोप्या खरोखर फेकू नका, खाली येताना कोपरा लागतो. फेकल्याचा नुसता आविर्भाव करा, टोप्या फोटोत मागाहून टाकून देऊ. त्याचे जादा ८ पौंड. ही बातमी मी स्टुडिओवाल्याला सांगितली तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. “पाहा! आपण हे कधीचं करू रायलो. आन् आपण तं फक्त पन्नास रुपये घेतो.”

दुसरीकडे आपल्या देशात काही वर्षं वेगळाच वाद चालू आहे. ही टोपी ठेवावी की काढावी? २०१० साली भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेच्या पदवीदानात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी भर समारंभात अंगातला झगा उतरवला आणि वसाहतीच्या काळातली ही रानटी रीत कशाला, असं विचारलं. २०१५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यापीठांना समारंभासाठी हातमागाचं कापड वापरायला सुचवलं. पुणे विद्यापीठानं झगा काढून कुर्ता आणि पगडी आणली, तर पगडी पुणेरी की फुले यावरून २०१९ मध्ये समारंभाच्या दारातच वाद झाला. टोपी काढली की डोकं रिकामं होतं, आणि पुण्यात रिकाम्या डोक्यावर काय ठेवायचं याबद्दल एकमत होणं कठीण. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं आपल्या अखत्यारीतल्या संस्थांना पत्र धाडलं की काळा झगा सोडा, आणि आपापल्या राज्याच्या परंपरेला शोभेल असा पोशाख ठरवा.

ते पत्र केंद्राच्या संस्थांपुरतं होतं. पण समजा उद्या असंच एखादं पत्र आमच्या वाशिमच्या मेडिकल कॉलेजला आलं, तर? पहिली तुकडी बाहेर पडायला २०३० उजाडेल, म्हणजे समिती नेमायला वेळ आहे. सहा तालुक्यांचे सहा सदस्य घ्यावे लागतील. मानोऱ्याचे सदस्य म्हणतील, पोहरादेवी आमच्याकडे, तेव्हा बंजारा पागडी. रिसोडचे म्हणतील, वारकऱ्याची पांढरी टोपी. धुवायला सोपी आणि कमी खर्चाची. कारंजाचे व्यापारी काळ्या टोपीचा आग्रह धरतील. मालेगावचे फेटा म्हणतील, कारण फेटे बांधणारा त्यांचा भाचा आहे. मंगरुळपीरचे म्हणतील, आधी जेवणाचं काय ते ठरवा. वाशिमचे इतिहासाचे प्राध्यापक उभे राहून सांगतील की हे गाव म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म, तेव्हा मुकुटाशिवाय काही शोभणार नाही. वाहतूक शाखेचा माणूस निमंत्रित असेल तर तो हेल्मेट सुचवेल आणि त्याला कुणी चहासुद्धा विचारणार नाही.

माझं मत विचाराल तर जिल्ह्याचं खरं शिरोभूषण दुपट्टा. चैत्र-वैशाखात कलेक्टर कचेरीपासून बाजार समितीपर्यंत प्रत्येक डोकं दुपट्ट्यात असतं. जात, धर्म, पक्ष काही कळत नाही. पण तेवढीच अडचण आहे. दुपट्टा बांधल्यावर डोळे सोडून काहीच दिसत नाही, आणि कुलगुरूंनी डॉक्टरकीची पदवी नेमकी कुणाच्या हातात दिली याची खात्री कोण देणार?

खरं तर समितीची गरज नाही. आमच्या विद्यापीठाचं नावच संत गाडगेबाबा. डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस. अंगावर चिंध्यांचं वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा, आणि डोक्यावर मडक्याचं खापर. भूक लागली की त्यातच भाकरी घ्यायची, खाऊन झालं की धुऊन पुन्हा डोक्यावर. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांची डोकी. पोरांना शिकवा, त्यासाठी घरातलं ताट विकावं लागलं तरी विका, हे ते जन्मभर सांगत फिरले. एवढं अस्सल, स्थानिक, पर्यावरणपूरक आणि शून्य खर्चाचं शिरोभूषण जगातल्या दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाला लाभलं असेल असं वाटत नाही.

मग दीक्षान्त समारंभात खापर का नको? मी ही सूचना चारचौघांत करून पाहिली. सगळ्यांनी आधी “वा!” म्हटलं. मग एक जण म्हणाला, खापर घालायचं म्हणजे खराटाही घ्यावा लागेल. दुसरा म्हणाला, खराटा घेतला की समारंभाआधी आवार झाडावं लागेल. तिसऱ्यानं विचारलं, “फक्त पोरायनंच, का पाहुण्यायनं बी?” यानंतर विषय सोयाबीनवर गेला.

झगा आणि टोपी काढून टाका म्हणणाऱ्यांचा मुद्दा चुकीचा नाही. मे महिन्यात वाशिमला काळं साटीन घालून पाहा, तुम्हीही स्वदेशीचे पुरस्कर्ते व्हाल. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. झाले त्यांत रानडे होते, भांडारकर होते, आणि त्यांच्या आपल्याला माहीत असलेल्या चित्रांत डोक्यावर पगडीच आहे. विद्वत्तेत काही कमी पडलं नाही. आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्यांचा १८८५ चा तो प्रसिद्ध फोटो नेसत्या लुगड्यातला आहे. पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नाही. जयराम रमेश स्वतः आयआयटी मुंबईचे आणि अमेरिकेतल्या कार्नेगी मेलनचे. ज्याच्या घरात दोन झगे येऊन गेले त्याला तिसरा उतरवता येतो. आमच्या गावातल्या बौद्धवाड्यात घराघरात बाबासाहेबांचा फोटो असतो आणि कितीतरी घरांत तो पदवीच्या झग्यातला असतो. ५ जून १९५२ ला कोलंबिया विद्यापीठानं त्यांना डॉक्टर ऑफ लॉज ही सन्मान्य पदवी दिली. ज्या माणसाला शाळेत वर्गाबाहेर, गोणपाटावर बसवलं होतं, त्याच्या अंगावरचा तो झगा आहे. त्या फोटोखाली बसून अभ्यास करून घरातली पहिली पदवीधर झालेली पोरगी स्टुडिओत येते, तेव्हा तिला हा झगा इंग्रजांचा आहे हे सांगायला मी तरी जाणार नाही. तिच्या लेखी तो इंग्रजांचा नाहीच.

अशी पोरगी आली की स्टुडिओत होतं काय? तिचा एकटीचा फोटो होतो. मग ती झगा उतरवून मायच्या खांद्यावर टाकते. माय म्हणते, “मले काऊन? म्या काय शिकली?” तरी टोपी पदरावरून बसते, गोंडा डोळ्यावर येतो, माय फुंकर मारून तो बाजूला करते. मग पाळी बापाची. त्यानं आयुष्यात चारचौघांत पांढरी टोपी काढलेली नसते, देवळात सोडून आणि सावकारापुढे सोडून. तो आताही काढायला तयार नसतो. शेवटी पांढऱ्या टोपीवर काळी टोपी ठेवतात. तिरपी, डुगडुगती, नियमाविरुद्ध. स्टुडिओवाला म्हणतो, “काका, हलू नका.” काका श्वाससुद्धा घेत नाहीत.

गोंडा कोणत्या बाजूला आहे हे त्या वेळी कुणी बघत नाही, आणि टोपी उडवायचं तर कुणाच्या मनातही येत नाही. बाकी ठिकाणी या टोपीचा अर्थ काय असेल तो असो. वाशिम जिल्ह्यात ती दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची वस्तू आहे, असं माझं मत झालं आहे आणि ते बदलायची मला घाई नाही.

तेव्हा यंदा पदवी झालेल्यांनी फोटोला जाताना अनामतीचे सुटे पैसे न्यावेत, चिमटे शक्यतो घरून न्यावेत, आणि माय-बापाला सोबत न्यावं. तिघांच्या फोटोचेही तेवढेच पैसे पडतात. मी विचारून घेतलं आहे.